ओनोसाहेबाच्या गार शेवया

आनंदा रोकडे अंबरनाथला चिखलोलीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होता. रोज चारशे माणसांचं जेवण त्याच्या हाताखालून जायचं, पण बुवापाड्यातल्या आपल्या घरात त्यानं कधी चहासुद्धा ठेवला नव्हता. त्यात मिजास नव्हती. दिवसभर भट्टीपुढं उभं राहून आलेल्या माणसाला पुन्हा स्टोव्हपुढं कशाला उभं करायचं, असं त्याच्या बायकोला, विठाला वाटायचं. आणि स्वयंपाकाची जागा विठाची, तिथं आपली लुडबूड कशाला, असं त्याला वाटायचं. शेजारची कौसाबाई थट्टा करायची, की सगळ्या कंपनीनं तुझ्या नवऱ्याच्या हातचं खाल्लं, तू तेवढी राहिलीस. विठा हसून सोडून द्यायची.

एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यात कारखान्यात जपानहून नवं मशीन आलं आणि ते बसवायला ओनो नावाचा इंजिनियर आला. पन्नाशीचा, बारीक चणीचा, अगदी कमी बोलणारा. पहिल्याच आठवड्यात इथल्या तिखटानं त्याचं पोट बिघडलं. मे महिन्यात तर उकाड्यानं गरम अन्न त्याच्या घशाखाली उतरेना. मॅनेजरनं आनंदाला बोलावून सांगितलं, साहेब उपाशी राहिला तर मशीनही तसंच राहील, काहीतरी बघ. आनंदा काय बघणार? त्याला ना जपानी येत होतं ना इंग्रजी. शेवटी ओनोसाहेबच एका दुपारी कँटीनच्या मोरीपाशी येऊन उभा राहिला, बाह्या वर केल्या आणि हातवारे करून शिकवायला लागला.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये तेव्हा चायनीजच्या गाड्या नुकत्या लागायला लागल्या होत्या. त्या गाडीवाल्यांना माल देणाऱ्या एका सिंधी दुकानदाराकडून आनंदानं नूडल्सची पाकिटं, सोया सॉस आणि व्हिनेगर आणलं. नूडल्स उकळायच्या हे त्याला ठाऊक होतं. पुढचं मात्र सगळं नवीन होतं. थोडा कस, म्हणजे दाताला लागेल एवढा कडकपणा, उरला असतानाच त्या उतरवायच्या. मग रोवळीत घेऊन गार पाण्याखाली दोन्ही हातांनी चोळून चोळून धुवायच्या, कपडे धुतल्यासारख्या, पाणी नितळ येईपर्यंत. आनंदा हळू हातानं धुवायला लागला तर ओनोसाहेबानं त्याचे हात धरून जोर कसा लावायचा ते दाखवलं. नंतर बर्फाच्या पाण्यात बुडवून निथळायच्या. वरून काकडी, गाजर आणि कोबी, काडेपेटीतल्या काडीएवढे बारीक चिरलेले. अंड्याची पातळ पोळी करून तिच्या पट्ट्या. सोया सॉस, व्हिनेगर, साखर आणि पाणी असं गार कालवण त्यावर ओतायचं आणि भाजलेले तीळ चुरून टाकायचे.

कँटीनमधल्या लोकांनी त्याला ओनोसाहेबाच्या गार शेवया असं नाव ठेवलं. साहेब रोज दुपारी त्या खायचा आणि ताटली स्वतः धुवून ठेवायचा. दोन महिन्यांनी मशीन चालू झालं. जाताना तो आनंदापुढं कमरेत वाकला. एवढा मोठा साहेब आपल्यापुढं वाकतोय म्हटल्यावर काय करावं ते आनंदाला सुचेना, म्हणून तोही तसाच वाकला.

हे सगळं त्यानं घरी रंगवून सांगितलं होतं. विठाला त्या शेवयांचं फार नवल वाटलं. जेवण आणि बर्फात? एक दिवस घरी करा, मला बघायचंय, असं ती म्हणाली. तो करू म्हणाला. पुढच्या रविवारी तिनं पुन्हा आठवण केली, तेव्हाही करू म्हणाला. एकदा मात्र वैतागून बोलून गेला, की ते साहेब लोकांचं खाणं आहे, आपल्याला नाही पचायचं. त्यानंतर विठानं तो विषय काढला नाही.

त्र्याण्णव सालच्या दिवाळीच्या सुमारास विठाच्या डाव्या गालात आतल्या बाजूनं एक पांढरा चट्टा उठला. लहानपणापासून ती मिश्री लावायची. तिची आई लावायची, वाडीतल्या सगळ्याच बाया लावायच्या. तोंड आलं असेल म्हणून तिनं महिनाभर तूप लावून काढलं. मग भाकरीचा तुकडा लागला की रक्त यायला लागलं. मुंबईच्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आनंदाला बाहेर बोलावून कॅन्सर आहे असं सांगितलं. आत बसलेल्या विठाला कसं सांगायचं याचा विचार करत तो परत आत आला, तर तीच म्हणाली, "कळलं मला. तुमचा चेहरा बघून कळलं. आता मीनलला तुम्ही सांगा, माझ्यानं नाही सांगवणार."

मीनल त्यांची एकुलती एक मुलगी, उल्हासनगरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि घरातल्या मिश्रीच्या दोन्ही डब्या नेऊन नाल्यात टाकून आली.

जानेवारी-फेब्रुवारीत रेडिएशनचे तीस शेक झाले. शेवटी शेवटी विठाच्या गळ्याची कातडी तव्यावर करपलेल्या भाकरीसारखी काळी पडली होती आणि तोंड आतून सोललं गेलं होतं. घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. तिखट तर सोडाच, वरणभाताचाही घास तिला आगीसारखा लागायचा. फोडणीच्या वासानं उमासे यायचे. दूधही कोमटाच्या वर गेलं की ती पेला दूर सारायची. मीनल पेज करायची, कौसाबाई नाचणीची आंबील आणून द्यायची. दोन चमचे जायचे, तिसऱ्याला विठाच्या डोळ्यांत पाणी यायचं. मार्चअखेर तिचं वजन दहा किलोनं उतरलं. डॉक्टर म्हणाले, काहीही करा, पण पोटात अन्न जाऊ द्या, नाहीतर आजाराआधी उपासमारच हिला नेईल.

त्या दिवशी आनंदा कँटीनमध्ये डाळ घाटत होता. गरम नको, मसाला नको, वास नको, असं मनातल्या मनात घोळवता घोळवता त्याला ओनोसाहेब आठवला. त्याचा हात थांबला. त्यानंतर आठवलं ते विठाचं बोलणं आणि आपण दिलेलं उत्तर. डाळ खाली लागायला लागली तेव्हा त्याच्याबरोबर काम करणाऱ्या धर्मराजनं त्याच्या हातातून डाव काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली, कॅम्प तीनला जाऊन सामान आणलं आणि लग्नाच्या बावीस वर्षांत पहिल्यांदा घरच्या स्टोव्हपुढं बसला. मीठ कुठं, चाळणी कुठं, ते त्याला मीनलला विचारावं लागलं. कच्चं पाणी चालणार नव्हतं, म्हणून पहाटे नळाला आलेलं बारवी धरणाचं पाणी त्यानं आधी उकळून, गाळून माठात गार करून ठेवलं होतं. त्याच पाण्यात नूडल्स धुतल्या आणि पातेलं बर्फात ठेवलं. शिकवलं होतं तसंच सगळं केलं. ताटली विठापुढं ठेवली. ती उठून बसली, रंग बघून जरा हसली, म्हणाली, "हेच का ते?" आणि तिनं एक घास तोंडात घातला.

व्हिनेगर आणि सोया सॉसचं मीठ तिच्या जखमांना झोंबलं. तिनं घास हातात काढला, तोंडावर पदर दाबला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तिच्या पाठीकडं बघत आनंदा तिथंच बसला. मला माफ कर, असं त्याला म्हणायचं होतं, पण ते नुसतं आजच्या घासासाठी नव्हतं, म्हणून त्याला ते म्हणता आलं नाही.

पण त्यानं सोडलं नाही. सोया सॉस आणि व्हिनेगर बाजूला ठेवलं. तीळ भाजून पाट्यावर लोण्यासारखे वाटले, त्यात गार पाणी, चिमटीत मावेल तेवढं मीठ आणि साखर घातली. काकडीची साल आणि बिया काढून ती किसली. गाजर आणि दुधी उकडून बारीक केलं. नूडल्स या वेळी पार मऊ शिजवल्या आणि सुरीनं बोटाच्या पेराएवढ्या कापल्या. ओनोसाहेबानं बघितलं असतं तर नापसंतीनं मान हलवली असती. विठा आधी घाबरतच चमचा तोंडाशी नेत होती. पहिला चमचा उतरला, मग दुसरा. अर्धी वाटी संपली तेव्हा मीनल दारात उभी राहून बघत होती. ती एकदम वळली आणि बाहेर ओट्यावर जाऊन रडली.

त्या दिवसापासून रोजचा नेम झाला. आनंदानं मॅनेजरकडून सकाळची पाळी मागून घेतली. दुपारी अडीचला तो सुटायचा. कँटीनच्या पेटीतला बर्फ धर्मराज भुशाच्या पोत्यात बांधून त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर लावून द्यायचा. धरणाकडच्या पाड्यांवरून बाया काकड्या घेऊन स्टेशनबाहेर बसायच्या, त्यांच्याकडून तो कोवळी काकडी हाताळून हाताळून निवडायचा. चारपर्यंत विठापुढं वाटी असायची.

आठवडा झाला तेव्हा त्यानं न राहवून विचारलं, मीठ बरोबर आहे का? विठानं चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाली, "खरं सांगू? मला काही कळत नाही. शेक लागल्यापासून जिभेला चवच नाही. भात काय आणि माती काय, सारखंच. हे गार लागतं, गुळगुळीत लागतं, एवढं कळतं."

आठ दिवस आनंदा तिळाचा भाजका वास, काकडीची गोडी, मिठाचा कण यांची जुळणी करत बसला होता, आणि त्यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

"मग खातेस कशी?" त्यानं विचारलं.

"उतरतंय ना घशाखाली. मला जगायचंय, म्हणून खाते." तिनं वाटी त्याच्यापुढं सरकवली. "तुम्ही खा एक चमचा. आणि मला सांगा, कसं लागतंय ते."

त्यानं खाल्लं. "चांगलं लागतंय."

"चांगलं म्हणजे कसं? एवढ्या माणसांचा स्वयंपाक करता आणि एवढंच सांगता येतं?"

आनंदानं आणखी एक चमचा घेतला आणि या वेळी तोंडात धरून ठेवला. तो बोलणारा माणूस नव्हता. कँटीनमध्ये तिखट कमी, मीठ जास्त, यापलीकडं चवीबद्दल त्याला कधी बोलावं लागलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, की काकडी पाण्यासारखीच लागते, पण पहाटे विहिरीवर गेल्यावर ओल्या दोराचा वास येतो ना, तसं काहीतरी त्यात आहे. तीळ आधी गोड लागतात, मग घास गिळताना मागं किंचित कडू होतात. दुधीला स्वतःचं काहीच नाही, तो बिचारा सगळ्यांच्या मागं उभा आहे. विठा हे ऐकून हसली. हसल्यावर गाल दुखला, तरी हसली.

मग रोज हेच चालायचं. तो एक चमचा खायचा आणि सांगायचा, ती ऐकत ऐकत बाकीचं संपवायची. काम करताना, सायकलवरून येताना आनंदा सांगायला शब्द शोधायचा. धर्मराजला वाटायचं, हा स्वतःशी बोलायला लागलाय. चवीवरून गोष्ट दुसरीकडं जायची. तिच्या माहेरच्या नदीकाठच्या वाळकांवर, मीनल पोटात असताना तिला लागलेल्या भाजक्या मातीच्या डोहाळ्यांवर. ती सांगायची की बोंबलाच्या चटणीत मी लसूण ठेचून घालायचे, वाटून नाही, म्हणून तुम्हाला आवडायची; तुम्ही कधी विचारलं नाहीत. तो म्हणायचा, आता सांग. मीनल पुस्तक घेऊन बाहेर बसलेली असायची. ती एकदा कौसाबाईला म्हणाली, की आई-पप्पांना एवढं बोलताना मी जन्मात बघितलं नाही.

अशाच एका दुपारी आनंदानं ते बोलून टाकलं. म्हणाला, की ओनोसाहेब होता तेव्हा तू दोन-तीनदा मागितलंस आणि मी केलं नाही. तेव्हा तुझ्या तोंडात चव होती.

विठानं नाही आठवत असं म्हटलं नाही. "राग आला होता मला," ती म्हणाली. "महिनाभर होता. परक्या माणसासाठी एवढं करतो आणि माझ्यासाठी एक रविवार नाही, असं वाटायचं. मग गेला राग." तिनं त्याचा हात आपल्या गुडघ्यावर ओढून घेतला. "तुम्ही पण आता सोडा ते."

मे महिन्यात तिच्या अंगावर थोडं मांस चढलं. बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसून, मीनलचा हात धरून ती विहारापर्यंत चालत गेली. वंदना होईपर्यंत मांडी घालून बसली. बायांनी तिला गराडा घातला. जूनमध्ये ती मऊ भात खायला लागली आणि गाजराची गोडी जराशी कळते असं म्हणाली. त्या दिवशी आनंदानं कँटीनमध्ये सगळ्यांना शिरा केला आणि कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही.

जुलैत तिच्या गळ्याला जबड्याखाली गाठ आली. सुपारीएवढी होती, पंधरा दिवसांत लिंबाएवढी झाली. इस्पितळात या वेळी डॉक्टरांनी आनंदाला बाहेर बोलावलं नाही. दोघांना समोर बसवून सांगितलं, की आता शेक देता येणार नाही, दुखणं कमी व्हायचं औषध देऊ. विठानं विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, पावसाळा सरेपर्यंत. ती बरं म्हणाली आणि उठली.

ऑगस्टच्या शेवटी गिळणं बंद झालं. नाकातून नळी घातली, तिच्यातून मीनल दूध आणि डाळीचं पाणी सोडायची. आवाजही गेला होता, कान तोंडाशी नेला तर कळायचं. आनंदा आता दुपारी नुसताच तिच्या उशाशी बसायचा. बर्फ आणायचा नव्हता, काकडी निवडायची नव्हती, हातांना कामच उरलं नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका दुपारी विठानं त्याला खुणेनं वाकायला सांगितलं. "शेवया करा," ती म्हणाली.

त्याला वाटलं तिला भ्रम झालाय. तो समजावू लागला, की तुला आता गिळता येत नाही. तिनं डोळ्यांनीच ते ठाऊक आहे असं सांगितलं. "माझ्यासाठी नाही. तुम्ही खा. साहेबाला करायचात तशा करा. मी बघते."

आनंदा सायकल घेऊन भर पावसात कॅम्प तीनला गेला. सिंधी दुकानदारानं सोया सॉसची बाटली देताना विचारलं, भाभी ठीक है अभी? तो हो म्हणाला. घरी येऊन त्यानं सगळं साग्रसंगीत केलं, कशाला फाटा दिला नाही. नूडल्स कस ठेवून उतरवल्या, जोर लावून धुतल्या. काकडी, गाजर, कोबी काडीसारखे चिरले. अंड्याची पोळी केली. ताटली घेऊन तो तिच्या अंथरुणासमोर मांडी घालून बसला. मीनलनं आईला मागून आधार देऊन बसतं केलं.

पहिला घास त्याच्या तोंडात फुगायला लागला. गिळवेना. विठा एकटक बघत होती. त्यानं गिळला, आणि रोजच्यासारखं सांगायला लागला. व्हिनेगर आधी जबड्याच्या कोपऱ्यात लागतं, आंबट चिंचेनं लागतं तिथंच. मग मागून साखर येऊन त्याला शांत करते. सोया सॉस खारट आहे, पण नुसतं मीठ नाही, खरवडलेल्या खमंग भातासारखं काहीतरी त्यात आहे. कोबी दाताखाली मोडतो. अंडं मऊ आहे. शेवया ताणल्यावर लगेच तुटत नाहीत. सांगता सांगता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते त्यानं पुसलं नाही, कारण एका हातात ताटली होती आणि दुसऱ्यात चमचा. मीनल आईच्या खांद्यावर तोंड लपवून ऐकत होती. त्यानं एक तुकडाही मागं ठेवला नाही. ताटली रिकामी झाल्यावर विठानं मान हलवली, पोट भरल्यावर माणूस हलवतो तशी, आणि डोळे मिटले.

चौथ्या दिवशी सकाळी, मीनल नळी धुवायला मोरीत गेली होती तेवढ्यात, ती गेली. आनंदा जवळ होता. तिचा हात त्याच्या हातातच होता, आणि नेमका कधी सुटला ते त्याला कळलं नाही.

पाचव्या दिवशी जलदानविधी झाला. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, नातेवाईक जेवले, दोन दिवस राहून आपापल्या गावी गेले. आनंदा आठव्या दिवशी कामावर हजर झाला. मीनलनं अजून थोडे दिवस घरी राहा म्हटलं, पण दुपारचे अडीच ते चार घरात बसायची त्याची छाती नव्हती. त्यानं पाळीही पुन्हा बदलून घेतली.

कँटीनमध्ये तो पहिल्यासारखाच काम करायचा. वेळेवर डाळ, वेळेवर भात, वेळेवर भाजी. एक गोष्ट मात्र त्याच्याकडून होत नव्हती. पदार्थ झाल्यावर तळहातावर थेंब घेऊन तो चाखत नव्हता. हात तोंडापर्यंत जायचा आणि परत यायचा. चाखलं की शब्द यायचे, आणि ते कुणाला सांगायचे? म्हणून तो अंदाजानंच मीठ टाकायचा आणि भांडं झाकायचा. पंधरा-वीस दिवस गेले. जेवणाबद्दल कुणी तक्रार केली नाही, तेव्हा त्याला वाटलं, हाताला सवय आहे, चाललंय बरोबर.

एक दिवस तो कोठीतून तांदूळ काढून लवकर परत आला, तर धर्मराज डाळीच्या पातेल्याचं झाकण उघडून उभा होता. तळहातावरचं चाखून त्यानं डब्यातून मूठभर मीठ घेतलं आणि पातेल्यात टाकून ढवळायला लागला. आनंदाला बघून तो ओशाळला, डाव कुठं ठेवू असं त्याला झालं.

"रोज टाकतोस?" आनंदानं विचारलं.

धर्मराजनं खाली बघत मान डोलावली. पहिले तीन दिवस जेवण नुसतं अळणी होतं, असं त्यानं सांगितलं. माणसं घरून कागदाच्या पुडीत मीठ घेऊन यायची. तुला कुणी बोलायचं नाही असं सगळ्यांनी आपसांत ठरवलं होतं. मग मीच चाखून टाकायला लागलो.

आनंदा पातेल्यापाशी गेला. डाळीला बारीक उकळी होती. त्यानं डाव घेतला, तळहातावर थेंब घेतला आणि थोडा वेळ तसाच धरून उभा राहिला. धर्मराज बाजूला होऊन भांडी आवरायला लागला. मग आनंदानं तळहात तोंडाला लावला.

"अजून थोडं लागेल," तो म्हणाला, आणि मिठाच्या डब्याकडं वळला.